रस्ता जोडला, पट्टा सुटला: सांताक्रूझ–चेंबूर जोडरस्त्याचं प्रकरण

१८ एप्रिल २०१४ रोजी सांताक्रूझ–चेंबूर जोडरस्ता वाहतुकीला खुला झाला, तेव्हा फीत कापायला कोणी नव्हतं. लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता चालू होती, त्यामुळे मांडव नाही, भाषण नाही. बॅरिकेड बाजूला झाले आणि गाड्या निघाल्या. मुंबईत एवढ्या मोठ्या कामाचं श्रेय घ्यायला कोणी पुढे आलं नाही, असं क्वचितच घडतं. अर्थात या रस्त्याच्या नावावर श्रेयापेक्षा बोलणीच जास्त जमा झाली होती.

लांबी ६.४५ किलोमीटर. काम सुरू झालं २००३ मध्ये. म्हणजे वर्षाला सरासरी सहाशे मीटरसुद्धा नाही. सुरुवातीचा अंदाज सुमारे ११५ कोटींचा होता, तो ४५० कोटींच्या आसपास गेला. जागतिक बँकेचं कर्ज जून २०११ मध्ये संपलं तरी रस्ता अर्धवटच होता आणि पुढचा खर्च राज्यालाच उचलावा लागला. जगातल्या सर्वांत रखडलेल्या रस्त्यांपैकी एक, अशी याची वर्तमानपत्रांतून ख्याती झाली.

उशिराची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. या प्रकरणाकडे मी दुसऱ्या कारणासाठी वळतो. दाट वस्तीतून नवा रस्ता काढायचा, त्याने ये-जा सुधारायची आणि आजूबाजूचा जुना भागही नव्याने उभा राहायचा, अशी अपेक्षा आपण प्रत्येक शहरी रस्त्याकडून करतो. त्यासाठी आखणी मात्र फक्त डांबराच्या पट्ट्याची होते. कडेच्या शंभर-दोनशे मीटरची आखणी कोणाच्याच टेबलावर नसते.

रेघ कुठून कुठे

मुंबई उभी आहे, उत्तर-दक्षिण. पश्चिम रेल्वे, मध्य रेल्वे, दोन्ही द्रुतगती महामार्ग, एलबीएस मार्ग, सगळे उभे. आडवं जायचं म्हटलं की पंचाईत. नवा रस्ता होण्याआधी चेंबूरहून सांताक्रूझला जायचं तर खाली शीव–धारावीकडून वळसा घ्या, नाहीतर वर अंधेरी–कुर्ला रोडच्या गर्दीत शिरा. तिसरी वाट कुर्ला–कलिन्याच्या सीएसटी रोडची. हे सीएसटी बोरीबंदरचं नव्हे. १९२८ ते १९३४ या काळात ट्रॉम्बे–कुर्ला–अंधेरी अशी एक छोटी रेल्वे धावत होती, सेंट्रल साल्सेट ट्रामवे, तिची ही आठवण. म्हणजे पूर्व-पश्चिम जोडणीची गरज कोणाला तरी नव्वद वर्षांपूर्वीही कळली होती. रेल्वे गेली, नाव राहिलं, आणि त्या नावाच्या रस्त्यावर भंगार, लाकूड आणि मोटारींचे सुटे भाग यांचा बाजार वसला.

जोडरस्त्याची आखणी सोपी दिसते. पश्चिमेकडचा साधारण निम्मा भाग या जुन्या सीएसटी रोडच्या रुंदीकरणाचा. मग मिठी नदी आणि एलबीएस मार्ग ओलांडायचा. पूर्वेकडचा निम्मा भाग नव्याने काढायचा, कुर्ला टर्मिनस आणि टिळकनगरच्या अंगाने, मध्य आणि हार्बरचे रूळ पार करून अमर महलला पूर्व द्रुतगती महामार्गावर उतरायचं. रुळांवरून जाणारा दुमजली उड्डाणपूल देशातला पहिला म्हणून गाजला. रुळांवर गर्डर टाकायचा तर रेल्वेची मंजुरी आणि ब्लॉक लागतो, आणि कुर्ल्यासारख्या ठिकाणी लोकल थांबवून ब्लॉक मिळवणं म्हणजे काय, हे सांगायला नको. त्या पुलाने बरीच वर्षं खाल्ली. पण रस्ता तिथे अडकण्याच्या आधीच खाली जमिनीवर अडकला होता.

गाळा मोजला कसा

हा रस्ता मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाचा, म्हणजे एमयूटीपीचा भाग होता. १९९४ च्या व्यापक परिवहन अभ्यासातून निघालेल्या या प्रकल्पात मुख्य भर लोकलवर होता. रस्त्यांमध्ये जोगेश्वरी–विक्रोळी आणि सांताक्रूझ–चेंबूर हे दोन मोठे. जागतिक बँकेने जून २००२ मध्ये कर्ज मंजूर केलं. रस्ता बांधायचा एमएसआरडीसीने, म्हणजे राज्य रस्ते विकास महामंडळाने; पुनर्वसन करायचं एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने.

पुनर्वसनाचं धोरण कागदावर वाईट नव्हतं, उलट त्या काळाच्या मानाने उदार होतं. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत १ जानेवारी १९९५ च्या आधीचा पुरावा दाखवल्याशिवाय माणूस पात्र ठरत नसे. इथे पायाभूत सर्वेक्षणात जो सापडला तो बाधित, त्याच्याकडे जागेची मालकी असो वा नसो. प्रत्येक कुटुंबाला २२५ चौरस फुटांचं घर मोफत. घरं बांधायला सरकारने तिजोरी उघडली नाही. बिल्डरने जमीन द्यायची, इमारती बांधून द्यायच्या आणि बदल्यात टीडीआर घ्यायचा, म्हणजे ते चटई क्षेत्र उपनगरांत दुसरीकडे वापरायचा किंवा विकायचा हक्क. पैसा न घालता हजारो घरं उभी करायची ही युक्ती मुंबईला साजेशीच होती.

गडबड झाली ती कुर्ल्यात. राहणाऱ्यांसाठी शिवलेला अंगरखा धंदेवाल्यांना घातला गेला. दुकानालाही मोफत जागा २२५ चौरस फुटांपर्यंतच. समजा, सीएसटी रोडवर कोणाचा ८०० चौरस फुटांचा गाळा आहे: खाली लाकडाच्या फळ्या रचलेल्या, मागे करवत, वर पोटमाळ्यावर दोन कारागीर झोपतात, पुढे रस्त्यावर टेम्पो लागतो. त्याला २२५ फुटांचा गाळा मिळाला, आणि तोही निवासी वसाहतीतल्या इमारतीच्या तळमजल्यावर, तर तो तिथे करणार काय? धंदा चौरस फुटांवर चालतोच, पण त्याहून जास्त चालतो तो ठिकाणावर. सुटे भाग विकणाऱ्याचं गिऱ्हाईक शेजारच्या दहा दुकानांमुळे येतं. एकाला उचलून मानखुर्दला ठेवलं की त्याचं दुकान जातं आणि उरलेल्या नऊ जणांचा बाजारही पातळ होतो. सर्वेक्षणाच्या फॉर्ममध्ये गाळ्याची लांबी-रुंदी लिहायला रकाना असतो. बाजार लिहायला रकाना नसतो.

एप्रिल २००४ मध्ये कुर्ल्यातल्या किस्मतनगर भागातल्या दुकानदारांच्या युनायटेड शॉप ओनर्स असोसिएशनने थेट जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे, म्हणजे इन्स्पेक्शन पॅनेलकडे तक्रार केली. त्याच वर्षी दोन्ही रस्त्यांवरच्या आणखी संघटनांच्या तक्रारी गेल्या. कुर्ल्याच्या माणसाला मंत्रालयात दाद मिळत नाही म्हणून तो वॉशिंग्टनला पत्र लिहितो, हे ऐकायला गंमतीचं वाटतं, पण पत्राचा परिणाम झाला.

मंडळाचा अहवाल डिसेंबर २००५ मध्ये आला. सरकारला आणि बँकेला दोघांनाही त्यात खडे बोल होते. रस्ते-रेल्वे आणि पुनर्वसन हे मुळात वेगवेगळे प्रकल्प म्हणून तयार होत होते, ते शेवटी एकत्र गुंडाळले गेले आणि त्यात पुनर्वसन दुय्यम पडलं, असा एक ठपका. बाधितांची संख्या आधी ८० हजारांच्या घरात धरली होती, ती १ लाख २० हजारांवर गेली, आणि दुकानदारांची मोजणी तर फारच कमी झालेली होती. त्यांच्या उत्पन्नाचं पुढे काय, याचा विचार झालेला नव्हता. १ मार्च २००६ पासून बँकेने रस्ते आणि पुनर्वसनासाठीचे पैसे थांबवले आणि जूनअखेर पुन्हा सुरू केले. मधल्या काळात तक्रार निवारणाची व्यवस्था नीट झाली आणि दुकानदारांसाठी जवळपासच्या जागांचे पर्याय शोधायला सुरुवात झाली.

इथे एक हिशेब मांडण्यासारखा आहे. सर्वेक्षणाच्या वेळी सहा महिने जास्त घेतले असते, दुकानांची धंद्यानुसार वर्गवारी केली असती आणि किस्मतनगरच्या आसपासच एखादी बाजार-इमारत आखली असती, तर तो खर्च ३०० कोटींहून जास्त वाढलेल्या खर्चापुढे किरकोळ ठरला असता. सल्लागार मंडळी याला ‘सामाजिक जोखीम’ म्हणतात. माझ्या मते हा साधा अंदाजपत्रकातला घोळ आहे. गर्डरचं वजन दोन दशांशांपर्यंत काढायचं आणि दुकानं मात्र नजरअंदाजाने मोजायची.

आणखी एक गोष्ट याच काळात घडली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी फुगली आणि कुर्ला-कलिना पाण्याखाली गेलं. नदीकाठच्या वस्त्यांचा प्रश्न त्यानंतर ‘मिठी विकास’ या वेगळ्या फायलीत गेला. रस्त्याची फाइल वेगळी, नदीची वेगळी, विमानतळाच्या जमिनीवरच्या झोपड्यांची आणखी वेगळी. जागा तीच, माणसंही बरीचशी तीच.

गेले ते कुठे गेले

बाधित कुटुंबांना घरं मिळाली ती बहुतांश मानखुर्द, गोवंडी, वाशीनाका या पट्ट्यात. टीडीआरच्या व्यवहारात हे ठरल्यासारखंच होतं. बिल्डर स्वतःची जमीन देणार, तर जिथे जमीन स्वस्त तिथलीच देणार. कुर्ल्यात रस्ता झाल्यावर ज्या जमिनीचा भाव वाढणार, ती कोण देतो? त्यामुळे नव्या रस्त्याचा फायदा जिथे होणार होता, तिथून लोक उठले आणि देवनार डम्पिंग ग्राउंडच्या शेजाराला गेले.

मानखुर्दची लल्लूभाई कंपाउंड ही वसाहत अशांपैकी एक. एमयूटीपीच्या निरनिराळ्या कामांतले बाधित तिथे आले. इमारतींमधलं अंतर काही ठिकाणी जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यांवर दुपारी बाराला दिवा लावावा लागतो. अशा वसाहतींमधल्या क्षयरोगाचा अभ्यास पुढे डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने केला, आणि हवा-उजेडाचा अभाव व क्षयरोग यांचा संबंध त्यात पुढे आला.

यावरून आठवण होते ती मुंबईच्याच जुन्या रस्ते आखणाऱ्यांची. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ च्या कायद्याने बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड आणि आजचा मोहम्मद अली रोड हे रस्ते त्याने गच्च वस्ती कापून काढले. त्यांचं सगळं कौतुक करण्यासारखं नव्हतं. वसाहतवादी खाक्या होता, उठवलेले लोक शेजारच्या चाळींत कोंबले गेले आणि तिथली दाटी वाढली. पण दोन गोष्टी त्यांना कळत होत्या. पहिली, रस्त्याबरोबर कडेची पट्टीसुद्धा ताब्यात घ्यायची, भूखंड नव्याने पाडायचे, इमारती कशा असाव्यात हे ठरवायचं आणि भाडेपट्ट्याच्या उत्पन्नातून रस्त्याचा खर्च भरून काढायचा. प्रिन्सेस स्ट्रीटवरून, म्हणजे आताच्या शामळदास गांधी मार्गावरून चालताना दोन्ही बाजूंच्या इमारती एका मापाच्या वाटतात, त्याचं कारण हे. दुसरी गोष्ट उजेडाची. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला. इमारतीच्या उंचीच्या साधारण निम्मी मोकळी जागा समोर हवी, असा त्याचा सोपा अर्थ. हा हिशेब सात मजली इमारतीला लावला तर दोन इमारतींत दहा मीटरच्या आसपास अंतर लागेल. शंभर वर्षांनी, त्याच शहरात, सरकारी पुनर्वसनात तीन मीटर मंजूर झाले.

पुनर्विकास आला तो कोणामुळे

आता रस्त्याच्या दुसऱ्या अपेक्षेकडे. रस्ता झाल्यावर आजूबाजूचा भाग बदलला का? बदलला. आज अमर महलहून बीकेसीकडे, म्हणजे वांद्रे–कुर्ला संकुलाकडे निघालं की दोन्ही बाजूंना टॉवर दिसतात. इस्टेट एजंटांच्या जाहिरातीत ‘एससीएलआरपासून दोन मिनिटं’ हे ठरलेलं वाक्य; एससीएलआर म्हणजे हाच जोडरस्ता. पण क्रम तपासला तर चित्र थोडं वेगळं निघतं.

टिळकनगर आणि नेहरूनगर या म्हाडाच्या जुन्या वसाहती, रस्त्याला लागूनच. तीन-चार मजली इमारती, छोटी घरं. पुनर्विकासाला अगदी योग्य. तिथली गती मात्र रस्त्याच्या कामावर हलली नाही, विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(५) या कलमावर हलली. २००८ मध्ये चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येईल ते प्रमाण, अडीच झाला तेव्हा सोसायट्यांमध्ये बिल्डरांच्या चकरा सुरू झाल्या. २०१० मध्ये सरकारने प्रीमियम, म्हणजे जादा बांधकामाच्या बदल्यात भरायची रक्कम, घेणं बंद करून त्याऐवजी बांधलेल्या घरांतला वाटा मागितला आणि कामं थंडावली. २०१३ मध्ये निर्देशांक तीन झाला, तरी गाडी पुढे सरकेना. २०१४ मध्ये रस्ता खुला झाला, तेव्हाही फार फरक पडला नाही. २०१७ मध्ये प्रीमियमचा पर्याय परत आला आणि मग पत्रे लागायला लागले, क्रेन उभ्या राहिल्या. रस्त्याने भाव वाढवला हे खरं, पण कुलूप नियमावलीचं होतं आणि किल्ली मंत्रालयात होती.

एलबीएस मार्गावर तर उलटंच झालं. कुर्ल्यातले कारखाने आधीच मावळत होते. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या जमिनीवर निवासी संकुलं आली. फिनिक्स मार्केटसिटी हा मॉल २०११ मध्ये उघडला, जोडरस्त्याच्या तीन वर्षं आधी. जोडरस्ता येणार हे गृहीत धरून कोणी जमीन घेतली असेल तर नवल नाही. बाजार नेहमीच नियोजनापेक्षा दोन पावलं पुढे असतो. पण याचा अर्थ असा की वाढलेला भाव ज्यांनी आधी जमीन धरली त्यांच्या खिशात गेला, रस्त्यासाठी पैसे घालणाऱ्याच्या नाही.

आणि मिठीच्या पलीकडे? वांद्रे–कुर्ला संकुलासाठी एमएमआरडीए १९७७ पासून विशेष नियोजन प्राधिकरण आहे. तिथे तिने भराव घातला, भूखंड पाडले, ८० वर्षांच्या भाडेपट्ट्याने लिलावात दिले आणि त्या पैशावर महानगरातली निम्मी कामं केली. म्हणजे रस्ता आखून कडेची जमीन हाताळायची कला या प्राधिकरणाला येत होती, आणि उत्तम येत होती. नदीच्या पश्चिमेला तिने भूखंडधारक पाहिले, पूर्वेला बाधित पाहिले. संस्था एकच, रस्ताही एकच. जोडरस्त्याचा मोठा लाभार्थी बीकेसी असणार हे सगळ्यांना दिसत होतं. त्या लिलावांतला एक हिस्सा कुर्ल्याच्या बाजूच्या पट्ट्यासाठी, तिथल्या बाजारासाठी आणि जवळच्या पुनर्वसनासाठी बांधून ठेवला असता तर? कायदा आडवा येत नव्हता. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात विशेष नियोजन प्राधिकरण नेमायची सोय होतीच, तीच वापरून बीकेसी उभं राहिलं.

चालणाऱ्याचं काय

‘ॲक्सेस’ म्हणताना अहवालांत वाहनांचा वेग मोजला जातो. कुर्ल्यात सकाळी साडेनऊला पश्चिमेला स्टेशनबाहेर उभं राहून पाहावं. बीकेसीत कामाला जाणाऱ्यांचे लोंढे उतरतात. दोन-तीन किलोमीटरचं अंतर. शेअर रिक्षाची रांग, बेस्टच्या बसला लोंबकळणारी माणसं, आणि भाड्यावरून रोजची हुज्जत. पाऊस असला की रिक्षावाले थेट भाडं सांगतात. या माणसांना सहा किलोमीटरचा जोडरस्ता जवळपास काहीच देत नाही, कारण तो त्यांच्या डोक्यावरून जातो. पुलाखालच्या जागेत पार्किंग, डेब्रिज, चहाची टपरी. पदपथ आहे तिथे गॅरेजवाल्याचा जॅक आहे. त्याच पैशातला थोडा भाग स्टेशन ते बीकेसी अशा सलग पदपथावर आणि बसच्या राखीव मार्गिकेवर घातला असता, तर लाभ घेणारी डोकी गाड्यांतल्या डोक्यांपेक्षा कितीतरी जास्त निघाली असती. पण पदपथाच्या उद्घाटनाला मंत्री येत नाहीत. (इथे रस्त्याच्याही उद्घाटनाला आले नाहीत, तो भाग वेगळा.)

पश्चिमेच्या टोकाला दुसरी उणीव लगेच दिसली. जोडरस्त्याने पूर्वेकडच्या गाड्या भराभर आणून कलिना-सीएसटी रोडच्या तोंडाशी सोडल्या आणि कोंडी कुर्ल्याहून कलिन्याला सरकली. मग २०१६ मध्ये विस्ताराचं काम हाती घेतलं: कपाडियानगर ते वाकोला, उन्नत मार्ग, आणि पश्चिम द्रुतगती महामार्गावरून जाणारा वळणदार केबल-स्टे पूल. तो २०२५ मध्ये वाहतुकीला मिळाला. दोन महामार्ग जोडायला बावीस वर्षं लागली. मधल्या काळात २०१९ मध्ये बीकेसी–चुनाभट्टी जोडपूल झाला, तोही थेट बीकेसीच्या दारात उतरणारा.

पुढच्या रस्त्यांसाठी या प्रकरणातून काही ठोस मागण्या निघतात, आणि नागरिकांनी त्या आखणी जाहीर होताना कराव्यात, भूमिपूजनानंतर नव्हे. रेघेच्या नकाशासोबत दोन्ही बाजूंच्या पट्ट्याचा नकाशा आहे का? त्या पट्ट्यात कोणतं चटई क्षेत्र लागू होणार आणि ते पुढची दहा वर्षं बदलणार नाही याची हमी कोण देतो? बाधितांपैकी किती जणांचं घर त्याच पट्ट्यात होणार? दुकानांची यादी धंद्यानुसार आहे की फक्त चौरस फुटांनुसार? गोरेगाव–मुलुंड जोडरस्त्याचं काम चालू आहे, तिथे हे प्रश्न आजच विचारता येतात.

कुर्ला स्टेशन ते बीकेसी या तुकड्यासाठी एमएमआरडीएने आता पॉड टॅक्सीची, म्हणजे चालकाविना धावणाऱ्या छोट्या डब्यांची योजना पुढे आणली आहे, वांद्रे–बीकेसी–कुर्ला असा ८.८५ किलोमीटरचा उन्नत मार्ग. तिचे खांब कुर्ला स्टेशनबाहेरच्या ज्या गल्ल्यांत उतरतील, तिथले गाळे या वेळी कोण मोजतं आणि कसे मोजतं, हे पाहण्यासारखं आहे.